खासगीपणाधिष्ठित पर्यायी मोबाईल कार्यप्रणाली आणि तिचा दैनंदिन वापर : एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. २००७ ते २०२५)

प्रस्तावना :

माणसाचे खासगी जीवन आणि दळणवळणाची साधने यांचा संबंध फार जुना आहे. पत्र थैलीत घालून, मोहोरबंद करून जासुदाच्या हाती देण्याची पद्धत होती, त्या काळातही मजकूर तिऱ्हाइताच्या नजरेस पडू नये याची काळजी घेतली जात असे. ब्रिटिश अमदानीत टपाल आणि तारायंत्र ही साधने सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. त्याबरोबरच १८८५ चा भारतीय तार अधिनियम आणि १८९८ चा भारतीय टपाल अधिनियम यांनी विशिष्ट परिस्थितीत संदेश अडवून पाहण्याचा अधिकार सरकारला दिला. स्वातंत्र्योत्तर काळात दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याचा प्रश्न न्यायालयापुढे आला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना अशा कृतीवर कार्यपद्धतीची बंधने घातली.

या सर्व काळात एक गोष्ट समान होती. संदेश वाहून नेणारे साधन स्वतः मुके होते. पत्र पेटीत पडून असताना कोणाला काही सांगत नव्हते आणि दूरध्वनी यंत्र खाली ठेवल्यावर घरातील बातमी बाहेर जात नव्हती. स्मार्टफोनने ही स्थिती पालटली. डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये केलेल्या मोजणीत असे आढळले की, अँड्रॉइड आणि आयफोन हे दोन्ही प्रकारचे फोन नुसते पडून असतानाही सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीशी संपर्क साधतात. म्हणजेच साधन आता स्वतःच बोलू लागले आहे आणि ते काय बोलते, हे त्याच्या मालकाला बहुधा ठाऊक नसते.

या परिस्थितीला उत्तर म्हणून गेल्या सुमारे पंधरा वर्षांत काही पर्यायी कार्यप्रणाली निर्माण झाल्या. कार्यप्रणाली म्हणजे फोनचे यंत्र आणि त्यावरील ॲप यांच्यामध्ये राहून सर्व कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. कारखान्यातून आलेली कार्यप्रणाली काढून तिच्या जागी खासगीपणाला प्राधान्य देणारी दुसरी बसवायची आणि तोच फोन रोज वापरायचा, अशी ही कल्पना आहे. प्रस्तुत लेखात या कल्पनेचा इतिहास तपासला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. पर्यायी मोबाईल कार्यप्रणालींच्या उदयाची कारणे व टप्पे स्पष्ट करणे.
२. अशा फोनच्या दैनंदिन वापरातील सोयी, अडचणी व मर्यादा यांचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेणे.
३. भारतातील खासगीपणाच्या अधिकाराच्या संदर्भात या पर्यायाचे महत्त्व तपासणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अँड्रॉइडच्या मुक्त स्रोतावर आधारलेल्या प्रणालींपुरतीच विवेचनाची व्याप्ती ठेवली आहे.

१. मुक्त पाया आणि बंदिस्त इमारत :

अँड्रॉइड या कंपनीची स्थापना २००३ मध्ये अमेरिकेतील पालो आल्टो येथे झाली आणि २००५ मध्ये ती गुगलने विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी ३४ सभासद कंपन्यांच्या 'ओपन हँडसेट अलायन्स' या संघाची घोषणा झाली. २००८ मध्ये अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. या प्रणालीचा गाभा लिनक्सचा होता आणि तिचा मूळ संकेत मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध करून देण्यात आला. कोणीही तो घ्यावा, बदलावा आणि आपल्या यंत्रावर चालवावा, अशी त्यामागील भूमिका होती.

परंतु मुक्त होता तो केवळ पाया. ॲपचे दुकान, नकाशे, टपालपेटी आणि पुढे सूचना पोहोचविणारी व स्थान सांगणारी सेवा हे सर्व गुगलच्या मालकीचे आणि बंदिस्त राहिले. इतर कंपन्यांनी तयार केलेली ॲपही हळूहळू याच सेवांवर विसंबू लागली. त्यामुळे मुक्त संकेतावरून फोन तयार करणे शक्य होते. पण तो फोन रोजच्या व्यवहारात चालविणे मात्र अवघड होते. पर्यायी कार्यप्रणालींचा पुढील सर्व इतिहास या एका विसंगतीतून घडला आहे.

ही विसंगती प्रथम उघड झाली ती सप्टेंबर २००९ मध्ये. त्या वर्षी स्टीव्ह कोंडिक या अमेरिकी तंत्रज्ञाने 'सायनोजेनमॉड' नावाची सुधारित अँड्रॉइड आवृत्ती हौसेने तयार करून वाटण्यास प्रारंभ केला होता. तिच्यात गुगलची बंदिस्त ॲप समाविष्ट होती. गुगलने त्यांना पत्र पाठवून हे वितरण थांबविण्यास सांगितले. यातून तडजोड निघाली. मुक्त प्रणाली वेगळी आणि गुगलची ॲप वेगळी, असे दोन भाग झाले. या तडजोडीचा एक परिणाम कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही. गुगलची ॲप न बसविताही फोन चालू राहू शकतो, ही गोष्ट हजारो वापरकर्त्यांना प्रथमच प्रत्यक्ष दिसली.

२. हौशी चळवळीचा उत्कर्ष आणि अस्त :

सायनोजेनमॉडच्या वापरकर्त्यांचा मुख्य हेतू प्रारंभी खासगीपणा हा नव्हता. जुन्या फोनला नवी आवृत्ती मिळावी, कंपनीने भरलेली अनावश्यक ॲप काढता यावीत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. तत्त्वनिष्ठ भूमिका घेणारा गट निराळा होता. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'रेप्लिकंट' या प्रकल्पाने संपूर्णपणे मुक्त संकेतावर चालणारा फोन हे ध्येय ठेवले. याच प्रकल्पातील तंत्रज्ञांनी मार्च २०१४ मध्ये असे दाखवून दिले की, सॅमसंगच्या गॅलेक्सी मालिकेतील काही फोनांत संदेशवहन करणाऱ्या मोडेमच्या आज्ञावलीला फोनमधील फायली वाचण्या-लिहिण्याची वाट मोकळी आहे. बंदिस्त आज्ञावलीवर केवळ विश्वास ठेवणे पुरेसे नसते, हे यावरून स्पष्ट झाले. रेप्लिकंटचा फोन मात्र अनेक बाबतींत अपुरा होता, कारण काही यंत्रभागांना चालविण्यासाठी लागणारी बंदिस्त आज्ञावली त्यात तत्त्वतः घेतली जात नसे. तत्त्व शाबूत राहिले, पण दैनंदिन उपयोग मर्यादित राहिला.

दरम्यान सायनोजेनमॉडच्या चालकांनी २०१३ मध्ये कंपनी उभारली. त्याच वर्षी त्यांनी प्रत्येक ॲपला खासगी माहितीपासून दूर ठेवण्याची 'प्रायव्हसी गार्ड' नावाची सोय दिली. ॲपला एकेक परवानगी वापरताना द्यावी वा नाकारावी, ही पद्धत मूळ अँड्रॉइडमध्ये २०१५ साली सहाव्या आवृत्तीत आली. परिघावर जन्मलेली कल्पना काही वर्षांनी मध्यवर्ती प्रवाहात येते, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

या कंपनीच्या इतिहासात भारतालाही स्थान आहे. २०१४ मध्ये वनप्लस कंपनीचा पहिला फोन सायनोजेनच्या प्रणालीसह बाजारात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस मायक्रोमॅक्सच्या 'यू' या नाममुद्रेने भारतातील वापराचे एकाधिकार आपल्याकडे असल्याचा दावा केला आणि डिसेंबर २०१४ मध्ये हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. ज्या प्रणालीचा पाया सर्वांसाठी मुक्त होता, तिच्या नावावरून व हक्कांवरून दोन कंपन्या न्यायालयात उभ्या राहिल्या. पुढे कंपनीचा व्यवसाय टिकला नाही. ३१ डिसेंबर २०१६ रोजी तिच्या सेवा बंद झाल्या. मात्र संकेत मुक्त असल्यामुळे स्वयंसेवकांनी तो उचलला आणि त्याच महिन्यात 'लिनिएज ओ.एस.' या नावाने काम पुढे सुरू केले. कंपनी बुडाली तरी प्रणाली जगली, ही मुक्त परवान्याची ताकद या घटनेत दिसून येते.

३. पाळतीचा उलगडा आणि नव्या प्रणालींचा उदय :

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची कागदपत्रे उघड केली. सरकारी पाळत ही संशयितांपुरती मर्यादित नसून मोठ्या कंपन्यांकडे साठलेल्या माहितीपर्यंत तिचे हात पोहोचले आहेत, हे त्यातून जगासमोर आले. यानंतर पर्यायी प्रणालींची प्रेरणा बदलली. हौसेची जागा चिंतेने घेतली.

या काळातील प्रणालींचे स्थूलमानाने दोन पंथ पडतात. पहिला पंथ गुगलपासून फारकत घेणाऱ्यांचा होय. फ्रान्समधील गाएल द्यूव्हाल यांनी १९९८ मध्ये सामान्य माणसाला वापरता येईल असा मँड्रेक लिनक्स तयार केला होता. त्यांनीच २०१७ च्या अखेरीस लिनिएजच्या पायावर 'ई' या प्रणालीचा प्रारंभ केला. गुगलच्या सेवांचे काम करून दाखविणारा, परंतु स्वतः मुक्त असलेला 'मायक्रोजी' नावाचा पर्यायी भाग तिच्यात वापरला गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राध्यापक लीथ आणि एडिंबरा विद्यापीठातील संशोधक यांनी सहा प्रकारच्या अँड्रॉइड फोनांची तुलना केली. त्यांत ई या प्रणालीचा फोन जवळजवळ काहीच माहिती बाहेर पाठवीत नसल्याचे आढळले. त्याच तुलनेत लिनिएजवर गुगलची ॲप बसविली असता माहिती गुगलकडे जातच राहते, हेही दिसून आले. याचा अर्थ असा की, केवळ प्रणाली बदलल्याने कार्यभाग साधत नाही.

याच पंथात 'कॅलिक्स ओ.एस.' या प्रणालीचा समावेश करता येईल. तिच्यामागील कॅलिक्स संस्थेचे संस्थापक निकोलस मेरिल हे न्यूयॉर्कमधील एका लहान इंटरनेट सेवेचे चालक होते. ग्राहकाची माहिती गुप्तपणे मागणाऱ्या एफ.बी.आय.च्या पत्राला त्यांनी २००४ मध्ये न्यायालयात आव्हान दिले होते. अशा पत्राविषयी कोणाशीही बोलण्यास मनाई असल्याने त्यांना अनेक वर्षे आपले नावही उघड करता आले नाही. या प्रणालीचा उगम तंत्रज्ञानाच्या आवडीत जितका आहे तितकाच नागरी हक्कांच्या लढ्यात आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

दुसरा पंथ कठोर सुरक्षेचा. कॅनडातील कॉपरहेड या कंपनीतून त्याची सुरुवात झाली. जून २०१८ मध्ये कंपनीच्या दोन प्रमुखांत तीव्र मतभेद झाले आणि मुख्य तंत्रज्ञ डॅनियल मिके यांनी प्रणालीवर स्वाक्षरी करण्याच्या सांकेतिक किल्ल्या नष्ट केल्या. त्यामुळे जुन्या वापरकर्त्यांना नवी सुधारणा पोहोचविण्याचा मार्गच बंद झाला. मिके यांनी चालू ठेवलेले काम २०१९ पासून 'ग्राफीन ओ.एस.' या नावाने ओळखले जाऊ लागले. २०२३ मध्ये त्यासाठी कॅनडात स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. ज्या फोनवर लाखो रुपयांचे नव्हे, तर आयुष्यभराचे खासगी संचित ठेवायचे, त्याची किल्ली प्रत्यक्षात दोन-चार व्यक्तींच्या हाती असते, हा धडा २०१८ च्या घटनेने दिला.

ग्राफीनची दिशा निराळी आहे. गुगलची ॲप असू नयेत, एवढे सांगून ती थांबत नाही. फोनच्या स्मृतीतील दोषांचा फायदा घेऊन शिरकाव करणे कठीण व्हावे अशी रचना, प्रत्येक ॲपचे इंटरनेट स्वतंत्रपणे तोडण्याची सोय, सर्व छायाचित्रे किंवा संपर्क न दाखविता निवडकच दाखविण्याची सोय, तसेच ठरावीक काळ फोन उघडला न गेल्यास तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची व्यवस्था, ही तिची वैशिष्ट्ये होत. यांपैकी शेवटच्या व्यवस्थेसारखी सोय ॲपलने २०२४ मध्ये व गुगलने २०२५ मध्ये आपल्या फोनांत आणली.

४. खासगीपणाच्या नावाखाली सापळा :

या इतिहासाला एक काळी बाजू आहे. ती टाळून केलेले विवेचन एकांगी ठरेल. गुप्ततेची हमी देणारे फोन गुन्हेगारी टोळ्यांनाही हवे असतात. त्यांच्यासाठी 'ॲनम' नावाचा एक सांकेतिक फोन प्रचारात आणला गेला. तो प्रत्यक्षात अमेरिकेची एफ.बी.आय. आणि ऑस्ट्रेलियाचे पोलीस यांच्या देखरेखीखाली चालत होता. ८ जून २०२१ रोजी ही मोहीम जाहीर झाली, तोपर्यंत सुमारे १२ हजार फोनांतून २ कोटी ७० लाख संदेश पोलिसांच्या हाती आले होते आणि ८०० हून अधिक व्यक्तींना अटक झाली होती.

या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, विक्रेत्याच्या शब्दावर घेतलेली गुप्तता ही गुप्तता नव्हे. संकेत खुला असणे आणि तो तपासता येणे हीच खरी हमी होय. दुसरा असा की, गुप्तता हवी असणारा प्रत्येक जण गुन्हेगार, असा समज अशा घटनांमुळे दृढ होतो. २०२५ मध्ये स्पेनमधील कॅटलोनिया प्रांताच्या पोलिसांकडून गुगल पिक्सेल फोन आणि ग्राफीन यांचा संबंध अमली पदार्थांच्या व्यापाराशी जोडला गेल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. घराला कुलूप लावणारा मनुष्य चोर ठरत नाही, तर फोनला कुलूप लावणारा संशयित का ठरावा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. पत्रकार, वकील, डॉक्टर, तक्रार करणारी महिला आणि विद्यार्थ्यांच्या अडचणी ऐकणारा शिक्षक यांच्या फोनमध्ये दुसऱ्यांची गुपिते असतात. ती जपणे हे त्यांचे कर्तव्य असते.

५. दैनंदिन वापराचे स्वरूप :

पर्यायी प्रणाली बसविणे हे एका दिवसाचे काम आहे. ती वापरणे हे रोजचे. फोनचे प्रारंभिक कुलूप उघडावे लागते, जुनी माहिती पुसली जाते आणि संगणकाला तार जोडून नवी प्रणाली उतरविली जाते. ग्राफीनच्या बाबतीत हे काम संगणकाच्या न्याहाळकातूनही करता येते आणि त्यानंतर फोनचे कुलूप पुन्हा लावता येते. त्यामुळे फोन सुरू होताना प्रणालीत कोणी फेरफार केला आहे काय, याची तपासणी यंत्र स्वतः करते. लिनिएजच्या बहुतेक फोनांत हे कुलूप उघडेच राहते. हा फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

खरी कसोटी दुसऱ्या दिवसापासून लागते. ॲपचे नेहमीचे दुकान नसल्याने २०१० पासून चालत आलेल्या 'एफ-ड्रॉइड' या मुक्त भांडाराकडे वळावे लागते. रस्ते शोधण्यासाठी २००४ मध्ये सुरू झालेल्या 'ओपन स्ट्रीट मॅप' या लोकसहभागी नकाशावर आधारलेली ॲप वापरता येतात. परंतु दुकाने, दवाखाने यांची ताजी माहिती तेथे कमी सापडते. गुगलची सेवा नसल्यास काही ॲपच्या सूचना उशिरा येतात किंवा येतच नाहीत. दीर्घकाळ ही अडचण पर्यायी फोनच्या प्रसाराआड आली. २०२१ मध्ये ग्राफीनने यावर निराळा तोडगा काढला. गुगलच्या सेवांना प्रणालीत विशेषाधिकार न देता, इतर कोणत्याही ॲपप्रमाणे कुंपणात ठेवून चालविण्याची सोय तिने केली. घरमालकाचा दर्जा काढून घेऊन पाहुण्याचा दर्जा दिल्यासारखे हे झाले. दैनंदिन वापर सुकर होण्याच्या दृष्टीने हा टप्पा निर्णायक ठरला.

येथे या प्रणालींची मर्यादाही स्पष्ट करणे इष्ट ठरेल. फोन कोणत्या मनोऱ्याच्या टप्प्यात आहे, कोणाला कधी व किती वेळ फोन केला, हे दूरसंचार कंपनीला कळतेच. साधा लघुसंदेश तिच्यापासून लपत नाही. समाजमाध्यमावर स्वखुशीने दिलेली माहिती कोणतीही कार्यप्रणाली परत आणू शकत नाही. पर्यायी प्रणाली फोनला मुका करते, वापरकर्त्याला नव्हे.

६. भारतीय संदर्भ :

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर निर्णय देताना खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने घोषित केले. खासगीपणा ही सुखवस्तू वर्गाची कल्पना आहे, हा युक्तिवाद या निर्णयात फेटाळण्यात आला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. याच महिन्याच्या अखेरीस नव्या फोनांत 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच बसविण्याचा आदेश दूरसंचार विभागाने काढला आणि सार्वत्रिक टीकेनंतर ३ डिसेंबर २०२५ रोजी सक्ती मागे घेतली. फोनमध्ये काय असावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न यानिमित्ताने तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर आला.

भारतातील वापरकर्त्याची सर्वांत मोठी अडचण पैशांच्या व्यवहारांची आहे. मुंबई येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये यू.पी.आय. ही व्यवस्था सुरू केली. आज भाजीवाल्यापासून महाविद्यालयाच्या शुल्कापर्यंत सर्व व्यवहार तिच्याद्वारे होतात. बँकांची व देयकांची अनेक ॲप चालू होण्यापूर्वी फोनची प्रणाली गुगलने प्रमाणित केली आहे काय, याची विचारणा गुगलच्याच सेवेकडे करतात. फोन असुरक्षित तर नाही ना, हे पाहणे हा त्यामागील हेतू रास्त आहे. परंतु या तपासणीत सुरक्षा आणि प्रमाणपत्र यांची गल्लत होते. ज्या जुन्या फोनला अनेक वर्षे सुरक्षा सुधारणा मिळालेली नाही, तो प्रमाणित असल्यामुळे उत्तीर्ण होऊ शकतो. उलट, नियमितपणे सुधारलेली आणि कुलूपबंद अशी पर्यायी प्रणाली केवळ प्रमाणपत्र नसल्यामुळे नापास होऊ शकते. परिणामी काही ॲप चालतात, काही चालत नाहीत आणि आज चालणारे ॲप उद्याच्या सुधारणेनंतर चालेल याची शाश्वती नसते. यावर उपाय म्हणून न्याहाळकातून बँकेचा व्यवहार करणे, साध्या फोनांसाठी असलेली *९९# ही सेवा वापरणे अथवा बँकेपुरता दुसरा फोन बाळगणे, असे मार्ग अवलंबिले जातात. दोन फोन बाळगावे लागणे हीच या पर्यायाच्या अपुरेपणाची कबुली होय.

दुसरी अडचण आर्थिक आहे. २०१९ पासूनच्या वाटचालीत ग्राफीनने पिक्सेल फोनांचाच आधार घेतला, कारण आवश्यक सुरक्षा यंत्रणा आणि कुलूप पुन्हा लावण्याची मुभा त्यांत होती. भारतात २०१९ साली पिक्सेल ३ए हा तुलनेने स्वस्त फोन ३९,९९९ रुपयांना आला. २०२२ मधील पिक्सेल ६ए ची प्रारंभिक किंमत ४३,९९९ रुपये होती. ज्या देशात अनेक विद्यार्थी याहून बऱ्याच कमी किमतीचा फोन वापरतात, तेथे हा पर्याय थोड्यांनाच परवडतो. स्वस्त व जुन्या फोनांवर लिनिएज चालते खरे. परंतु तेथे कुलूप उघडे राहण्याचा धोका असतो. अर्थात ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला स्वातंत्र्य आणि सुरक्षा दोन्ही मिळतात; ज्याच्याजवळ नाही त्याला दोहोंपैकी एक निवडावे लागते. न्यायालयाने फेटाळलेला युक्तिवाद बाजाराने मात्र खरा करून दाखविला, असे खेदाने म्हणावे लागते.

देशी पर्यायांचे प्रयत्नही येथे विचारात घेतले पाहिजेत. २०१५ मध्ये आय.आय.टी. मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी भारतीय भाषांसाठी 'इंडस ओ.एस.' बाजारात आणली. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरे नीट उमटत नसत, त्या पार्श्वभूमीवर मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने या प्रयत्नाचे मोल होते. मात्र त्याचा भर भाषेवर होता, खासगीपणावर नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये आय.आय.टी. मद्रासशी संबंधित संस्थेत वाढलेली 'भारओएस' ही अँड्रॉइडच्या मुक्त संकेतावर आधारलेली प्रणाली सादर झाली. स्वदेशी असणे आणि खासगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संकेत सर्वांना तपासता येतो काय, हाच निकष देशी-विदेशी दोहोंना लागू करावा लागेल.

७. स्पर्धा, मक्तेदारी आणि अलीकडील घडामोडी :

जुलै २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने अँड्रॉइडसंबंधीच्या करारांवरून गुगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये तो कायम ठेवला. फोन बनविणाऱ्या कंपन्यांना अँड्रॉइडच्या पर्यायी आवृत्त्या वापरण्यापासून रोखणाऱ्या अटी हा दोन्ही निर्णयांतील एक महत्त्वाचा मुद्दा होता. पर्यायी प्रणाली बाजारात सहज का मिळत नाही, याचे उत्तर तंत्रज्ञानात जेवढे आहे तेवढेच या करारांतही आहे.

२०२५ हे वर्ष या चळवळीला कठीण गेले. मार्चमध्ये गुगलने अँड्रॉइडच्या घडणीचे काम यापुढे पूर्णतः अंतर्गत पातळीवर होईल, असे जाहीर केले. जूनमध्ये सोळाव्या आवृत्तीचा संकेत प्रसिद्ध झाला, परंतु पिक्सेल फोनांसाठी आवश्यक असा विशिष्ट भाग त्यासोबत दिला गेला नाही. ऑगस्टमध्ये कॅलिक्सने आपल्या सुधारणा देणे काही काळ थांबविले. प्रमाणित फोनांवर ॲप बसविण्यासाठी निर्मात्याची ओळख पडताळण्याची अटही त्याच महिन्यात जाहीर झाली आणि २०२६ पासून काही देशांत तिचा प्रारंभ करण्याचे ठरले. मुक्त पाया आणि बंदिस्त इमारत ही २००७ मधील विसंगती संपलेली नाही. इमारतीच्या भिंती हळूहळू पायापर्यंत उतरत आहेत.

निष्कर्ष :

१. पर्यायी मोबाईल कार्यप्रणालींचा उगम हौसेतून झाला. २०१३ नंतर खासगीपणाची चिंता ही त्यांची मुख्य प्रेरणा बनली.
२. मुक्त परवान्यामुळे कंपनी बंद पडली तरी प्रणाली टिकू शकते. परंतु तिची जपणूक मोजक्या व्यक्तींवर अवलंबून असल्याने ती नाजूकही असते.
३. परवानगी व सुरक्षेसंबंधीच्या काही सोयी पर्यायी प्रणालींत आधी आल्या आणि पुढे मुख्य प्रवाहात मिसळल्या. म्हणून त्यांचे मोल वापरकर्त्यांच्या संख्येवरून ठरविणे योग्य नाही.
४. दैनंदिन वापरातील आजचा प्रमुख अडथळा प्रणालीच्या क्षमतेचा नसून बँका व सेवा यांनी एका कंपनीच्या प्रमाणपत्रावर टाकलेल्या विश्वासाचा आहे.
५. भारतात खासगीपणाचा अधिकार सर्वांना समान असला तरी त्याचे तांत्रिक संरक्षण उत्पन्नानुसार विषम आहे.

समारोप :

तार आणि टपाल यांच्या काळात नागरिकाने कायद्याकडे संरक्षण मागितले, कारण साधन त्याच्या ताब्यात नव्हते. स्मार्टफोन त्याच्या मालकीचा आहे, खिशातही आहे. तरी त्यावरील ताबा पूर्णपणे त्याचा नाही. पर्यायी कार्यप्रणाली हा ताबा परत मिळविण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न आहे. तो प्रत्येकाला जमेल, असे नाही. परंतु एखाद्या शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने असा फोन वापरायचे ठरविले, तर केवळ त्या कारणासाठी त्याचे बँकेतील खाते, शासकीय सेवा आणि महाविद्यालयाची सूचना त्याच्यासाठी बंद होऊ नये, एवढी अपेक्षा मूलभूत अधिकार मान्य करणाऱ्या समाजाकडून करणे गैर नाही. महाविद्यालयांनी शुल्क, उपस्थिती व परिपत्रके यांसाठी एखाद्या विशिष्ट ॲपची सक्ती न करता साधे संकेतस्थळ वा सूचनाफलक हा मार्ग खुला ठेवला, तर या दिशेने पहिले पाऊल आपल्याच आवारात टाकता येईल.